बोट बघायची ती दुपारी

देवबागात पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी बोट घ्यायचं ठरलं, तेव्हा समोर दोन जुन्या फायबर बोटी होत्या. एक २१ फुटी, मागे ६० हॉर्सपॉवरचं एक मशीन. दुसरी २८ फुटी, तशीच दोन मशिनं. दोन्ही मालकांनी सकाळीच चक्कर मारून दाखवली. त्या वेळी मतलई वारा मंद असतो, कर्ली खाडीच्या पाण्यावर सुरकुती नसते. अशा पाण्यात दाराची फळीसुद्धा झकास चालेल!

काकांचं आयुष्य मासेमारीत गेलेलं. ते म्हणाले, "झिला, बोट बघूची आसा तर वारो सुटल्यावर बघ."

म्हणून ओहोटी लागल्यावर दुपारी, माणसांच्या वजनाइतके पाण्याचे कॅन भरून २१ फुटी बाहेर नेली. जाताना नाळ आपटत होती, एवढंच. येताना खरी परीक्षा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि वायव्येच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आत घुसतात. दोन्ही भिडले की लाट आखूड आणि उभी होते, खालची वाळू तिला आणखी उचलते. तशी एक लाट मागून आली. बोट तिच्यावरून घसरली, नाळ रुतली, मागची बाजू फिरायला लागली आणि पुढची लाट मशीनवरून सरळ आत आली. काकांनी वेग सांभाळून बोट लाटेच्या पाठीवरच धरली, तिला मागे टाकायची घाई केली नाही, म्हणून निभावलं. कॅनच्या जागी घाबरून एका बाजूला सरकणारी माणसं असती तर? २४ मे २०२२ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि दोघांचा जीव गेला.

मोठी बोट त्याच पाण्यातून कुरकुर न करता आली. पण तीही फुकटची नाही. लांबी तिसऱ्या हिश्शाने वाढली आणि रुंदी-खोलीही त्याच मापात वाढली, की आकारमान दुपटीवर जातं. वजन, रंग, दुरुस्ती सगळं त्याच्या मागोमाग. ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन पूर्ण वेगात तासाला वीसेक लिटर पेट्रोल पितं, इथे दोन. शिवाय ती खोल पाण्यात बसते. भांगाच्या दिवसांत चालतं, पण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पंखा वाळूला लागतो आणि भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. पावसाळ्यात लहान बोट वाडीतली पोरं ओढून वर घेतात, मोठीला क्रेन बोलवावी लागते.

तरी मी मोठी घेतली. आमच्या फेऱ्या डॉल्फिन दाखवायला खाडीबाहेर जातात आणि बाहेर एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. नुसतं त्सुनामी बेटापर्यंत, खाडीतल्या खाडीत धंदा करायचा असेल तर २१ फुटीच घ्या; मोठीचं पेट्रोल तुमचा नफा खाईल. मात्र गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी तिला तोंडाबाहेर काढू नका.

आणि कुठलीही घ्या, इसार देण्याआधी मालकाला सांगा: जाणता तांडेल, अंगात लाइफ जॅकेट, बोटीत पूर्ण वजन, आणि वारा सुटल्यावर तोंडातून आत. तो सकाळचाच हट्ट धरू लागला, तर दुसरी बोट शोधा.