प्रत्येक हाताला एक चेंडू

तिसरी-चौथीच्या मुलांना फेकायला आणि झेलायला शिकवण्याची ही कृती. वर्गात तीस-पस्तीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास, समोर मातीचे मैदान, एखादी आडवी भिंत आणि शाळेच्या कपाटात फार तर दोन चेंडू, एवढेच गृहीत धरले आहे.

धावणे, उड्या मारणे, लंगडी घालणे मुले अंगणात, गल्लीत एकमेकांचे पाहून बरेचसे शिकतात. फेक आणि झेल यांचे तसे नाही. ज्याच्या हातात चेंडू पुन्हा पुन्हा पडतो, त्यालाच ते जमतात. एका चेंडूसाठी लांब रांग लावली, की तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन फेकी येतात आणि घंटा होते. रांगेत उभे राहून कोणीही फेकायला शिकत नाही. म्हणून पहिली तयारी चेंडूंची, आणि तीही प्रत्येक मुलासाठी एक.

हे चेंडू विकत आणायचे नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडूनच करून घ्या. घरून एक जुना पायमोजा आणि सुती चिंध्या आणायला सांगा. चिंध्या घट्ट गुंडाळून गोळा करायचा, तो मोज्याच्या टोकापर्यंत सरकवायचा, मोज्याला पीळ द्यायचा आणि उरलेला भाग त्याच गोळ्यावर उलटवायचा. मोजा संपेपर्यंत असेच करून शेवटी तोंड सुईदोऱ्याने शिवून टाकायचे. आकार टेनिसच्या चेंडूएवढा, फार तर किंचित मोठा. मुलाला तो बोटांनी पकडता आला पाहिजे. हातात न मावणारा चेंडू मूल दोन्ही हातांनी ढकलते, फेकत नाही. आत खडे, वाळू, धान्य काहीही घालू देऊ नका. चिंध्यांचा चेंडू तोंडावर बसला तरी लागत नाही आणि फार दूर घरंगळतही नाही. झेल न येण्याचे मोठे कारण भीती असते, ती इथेच निम्मी कमी होते. चार-पाच चेंडू जास्तीचे करून ठेवा.

तासाआधी मैदानावरचे दगड, काचा वेचून घ्या. भिंतीपासून सात मीटरवर फक्कीची एक लांब रेघ ओढा. सगळी मुले या रेघेवर, सगळ्यांची तोंडे भिंतीकडे. दोन मुलांमध्ये हात पसरण्याइतके अंतर. एक शिट्टी म्हणजे फेका, दोन शिट्ट्या म्हणजे पळत जाऊन आपला चेंडू आणा. दोन शिट्ट्या होण्याआधी कोणीही रेघ ओलांडायची नाही. हा नियम पहिल्याच दिवशी पक्का करा आणि त्यात कोणालाही सूट देऊ नका.

सुरुवातीची पाच मिनिटे अंग मोकळे करण्यासाठी. त्यातही चेंडू हातात असू द्या: तळहातावर पेलून भरभर चालणे, गुडघ्यांत धरून उड्या, कमरेभोवती फिरवणे, इशारा होताच एका पायावर थांबणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हायला हवी. एका तासिकेत ती पूर्ण होणार नाही, पण तासिकेतला वेळ उभे राहण्यात तरी जाऊ नये. हालचाल पुरेशी झाली का, हे पाहायला यंत्र लागत नाही. श्वास जोरात चालू आहे, पण आपले नाव-गाव सांगता येते, अशी मुलाची अवस्था असली की ठीक. चेंडू आणायला धावण्यातच पुष्कळ व्यायाम होतो: सात मीटर जाणे, सात मीटर येणे, आणि वीस फेकी झाल्या की 280 मीटर धाव होऊन जाते.

आता फेक. मुलांना तीनच शब्द द्या: बाजू, पाऊल, फेक. 'बाजू' म्हणजे भिंतीकडे छाती न करता खांदा करून उभे राहायचे आणि फेकीचा हात मागे न्यायचा, कोपर खांद्याच्या उंचीवर. 'पाऊल' म्हणजे फेकीच्या हाताविरुद्धचा पाय पुढे टाकायचा. 'फेक' म्हणजे आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात. चेंडू सुटल्यावरही हात थांबत नाही, दुसऱ्या बाजूच्या मांडीकडे खाली येतो. तुम्ही स्वतः दोनदा करून दाखवा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. मग बोलणे थांबवा आणि मुलांना फेकू द्या. मोठ्या आवाजात सगळ्यांनी मिळून ते तीन शब्द म्हणत फेकले, तर लय लवकर बसते.

पहिल्या तीन-चार तासांत नेम मागू नका. जोर मागा. हे अनेकांना उलटे वाटते, पण लहान लक्ष्य समोर ठेवले की मूल जपून फेकते; पाऊल टाकत नाही, अंग वळवत नाही, नुसत्या कोपरातून चेंडू ढकलते. "भिंतीवर धप्प आवाज आला पाहिजे" असे सांगितले की पाऊल आणि कंबर आपोआप कामाला लागतात. फेकीची ढब बसल्यावर भिंतीवर मुलांच्या डोक्याहून उंच असा खडूचा रुंद पट्टा आखा आणि तो आठवड्या-आठवड्याने अरुंद करत न्या.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा पाय पुढे टाकणे. समजावून फारसा उपयोग होत नाही. विरुद्ध पायाला रंगीत नाडी बांधा आणि "नाडीचा पाय पुढे" एवढेच म्हणा, किंवा जमिनीवर पावलाचा ठसा आखून त्यावर पाऊल टाकायला सांगा. डावखुऱ्या मुलांना वेगळे करून दाखवा. त्यांचा उजवा पाय पुढे येतो आणि इतरांकडे पाहून ती गोंधळतात. एका वेळी एका मुलाला एकच सूचना. कोपर, पाय आणि कंबर एकदम सांगितले तर त्याला काहीच जमत नाही.

झेल शिकवताना घाई करू नये. सुरुवात चेंडूने नाही, रुमालाने करा. रुमाल वर उडवून तो सावकाश खाली येताना पकडायचा. डोळ्यांना वस्तूच्या मागे जायला वेळ मिळतो. मग कापडी चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवून दोन्ही हातांनी झेलणे, मग डोक्याच्या वर, मग मध्ये एक टाळी वाजवून. जोडीने झेल खेळायचा तो यानंतर. अंतर दोन मीटर, फेक खालच्या हाताने. चेंडू छातीच्या वर येत असेल तर बोटे आभाळाकडे आणि अंगठे जवळ. कमरेच्या खाली येत असेल तर बोटे जमिनीकडे आणि करंगळ्या जवळ. हात पुढे जाऊन चेंडूला भेटतात आणि त्याच्यासह मागे येतात. मूल डोळे मिटत असेल, तोंड फिरवत असेल, तर त्याला 'भित्रा' म्हणू नका. एक पायरी मागे, पुन्हा रुमालाकडे किंवा फुग्याकडे न्या. झेल सुटला की फेकणाऱ्याकडेही पाहा. जोडीदाराला झेलता येईल असा चेंडू देणे हे फेकणाऱ्याचे काम आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

जोड्या तुम्हीच लावा. मुलांना गडी निवडायला दिले की शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच असते. मुलींच्या हातात लहानपणापासून चेंडू कमी पडतो, त्यामुळे काहींची फेक उशिरा सुधारते. 'मुलीसारखी फेक' हे शब्द मैदानावर कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू शिवा. उभे राहता न येणारे मूल खुर्चीत बसून खांदा वळवून फेकू शकते. त्याची रेघ भिंतीजवळ घ्या.

तीन-चार आठवड्यांनी लगोरी आणा, पण नेहमीची नाही. वर्गाला मिळून एक लगोरी म्हणजे पुन्हा तीच रांग. पाच लगोऱ्या मांडा, प्रत्येकीवर सहा-सात मुले. सात दगडांऐवजी लाकडी ठोकळे किंवा करवंट्या रचा. चेंडू कापडीच, आणि मारायचा तो कमरेच्या खालीच. सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे चेंडू लागला तरी गडी बाद नाही: तो फक्कीच्या रेघेपर्यंत धावत जाऊन येतो आणि पुन्हा खेळात. बाद होण्याच्या खेळात सावकाश पळणारे मूल पहिल्या मिनिटाला बाहेर बसते. सराव ज्याला सर्वात जास्त हवा, त्यालाच तो मिळत नाही. याच कारणाने शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा देऊ नयेत. धावणे ही शिक्षा झाली, की मूल मोठेपणी धावणे टाळते.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीसाठी एका तासाला पाच-सहाच मुले पाहा. विरुद्ध पाय पुढे येतो का, कंबर वळते का, झेलताना डोळे चेंडूवर असतात का, या तीन गोष्टींपुढे हो किंवा नाही. फेक किती लांब गेली, हे मोजून गुण देऊ नका; अंगाने थोराड मूल चुकीच्या ढबीनेही लांब फेकते. 'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीत पहिली ते तिसरीसाठी एका पायावरचा तोल आणि हाताची चपळाई तपासतात. फेक-झेलीची नोंद त्यात नसते, ती तुम्हालाच ठेवावी लागेल.

चेंडू जाळीच्या पिशवीत खिळ्याला टांगून ठेवा. महिन्यातून एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा, उसवलेले शिवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत ज्याचा चेंडू त्याच्याबरोबर घरी जाऊ द्या. काही हरवतील, त्या मुलांकडून नवा मोजा मागवा आणि दुसरा करून घ्या.