कंटेनरचे गोदाम : पाणी छतातून येते की मालातून?

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना अक्षीच्या पुढे नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि आता बहुतेक वाड्यांतून पर्यटकांच्या उतरण्याच्या सोयी. या घरांना चादरी, टॉवेल, पडदे लागतात, आणि ते पुरविणाऱ्याला माल ठेवायला जागा लागते. पक्के गोदाम बांधणे आमच्या आवाक्याबाहेर होते. न्हावा शेवाचे बंदर १९८९ पासून आपल्याच जिल्ह्यात असल्याने जुना कंटेनर मिळणे अवघड नव्हते. आम्ही एक वीस फुटी कंटेनर आणून वाडीच्या कडेला ठेवला. दर्यापार जाणाऱ्या पेटीला पावसाची काय मातब्बरी, असा आमचा हिशेब!

पहिल्याच पावसाळ्यात वरच्या थरातील सुती चादरींवर काळे ठिपके पडले. गणपतीच्या सुटीसाठी भरलेला माल अर्ध्या भावात काढावा लागला. आम्हाला हा तजरबा महाग पडला. व्यापारी बांधवांना तो फुकट मिळावा, म्हणून हे लिहीत आहोत.

आमची पहिली चूक डांबराची. छत गळते असे समजून आम्ही वरून डांबर ओतले. काळे छत उन्हात जास्त तापले, पुढे डांबराला भेगा गेल्या आणि भेगांतून शिरलेले पाणी खालीच अडकून पत्रा कुजू लागला. शिवाय डांबरावर दुसरा रंग धरत नाही. डांबरी लेप कंटेनरला कारखान्यातच देतात, पण तो बुडाला, छताला नव्हे.

शेवटी वेल्डिंगच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी छताला आतून हात लावला, बोटे ओली झाली. म्हणाले, "शेठ, चार दिवस पाऊस नाही, मग हे पाणी कुठले? तुमची पेटी घामाने भिजते आहे."

तेव्हा आधी गळती आणि घाम वेगळे ओळखावेत. भर दुपारी रिकाम्या कंटेनरमध्ये जाऊन दारे लावून घ्यावीत आणि वर, कोपऱ्यांत, दाराच्या कडांना पाहावे. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते. तिथे खडूने खूण करावी. मात्र हे काम एकट्याने कधीही करू नये. ही दारे आतून उघडत नाहीत आणि उन्हात आत भट्टी होते. बाहेर भरवशाचा माणूस उभा ठेवावा. उजेड दिसला नाही, तर बाहेरून पाइपाने पाणी सोडून पुन्हा पाहावे. गळतीचा ओघळ एका जागेवरून येतो. घामाचे थेंब सगळ्या छतावर पसरलेले असतात, आणि बहुधा पहाटे.

गळतीची दुरुस्ती कठीण नाही, घाईची मात्र नाही. कंटेनरचा पत्रा हवेत वरवर गंजून पुढचा गंज अडवितो, असे विकणारे सांगतात. ते कोरड्या गावी खरे. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर नीट बसत नाही आणि पत्रा खातच जातो. छताचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर. गंज वायरब्रशने लोखंड दिसेपर्यंत खरवडावा, गोड्या पाण्याने मीठ धुवावे, पूर्ण वाळू द्यावे, मग प्रायमर आणि त्यावर फिका रंग द्यावा. बोट जाईल एवढ्या भोकाला पत्र्याचा तुकडा वेल्डिंगनेच बसवावा. पण जमीन प्लायवूडची असते, म्हणून ठिणगीसाठी पाण्याची बादली जवळ हवी आणि आत एकही थान नको. बारीक फटींना पॉलियुरेथेनचे सीलंट चांगले, कारण त्यावर रंग बसतो. सिर्क्याचा वास येणारे सिलिकॉन लोखंडाला गंजविते, ते घेऊ नये.

दाराचे रबर दाबून पाहावे. कडक झाले असेल तर बदलावे. दार नीट लागत नसेल तर दोष रबराचा नसून पायाचा असतो : एक कोपरा खचला की चौकट तिरकी होते. चारही कोपऱ्यांखाली सिमेंटचे ठोकळे सारख्या पातळीत द्यावेत. दाराकडे किंचित उतार ठेवला म्हणजे छतावर पाणी साचत नाही.

एवढे करूनही आमची पेटी भिजतच होती. हिशेब केला तेव्हा डोळे उघडले. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर हवा मावते आणि ३० अंश उष्णतेत एका घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ राहते. म्हणजे सगळ्या हवेत मिळून एक लिटरही पाणी नाही. उलट सुती कापड बाजारात कोरडे म्हणून मिळते, तेव्हाही त्यात शेकडा सात-आठ भाग पाणी असते. दोन टन मालात दीडशे किलो झाले! दिवसा पेटी तापली की त्यातले काही बाहेर पडते, रात्री छत थंड झाले की तिथे दव होऊन खाली टपकते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरीतच नाही. आमचे पॉलिएस्टरचे पडदे शेजारी असून ठीक राहिले, त्याचे कारण हेच.

म्हणून आता आगोटीपूर्वी, कडक उन्हात वाळविलेला मालच आत जातो. ओले पुठ्ठे आणि ओल्या लाकडी चौकटी बाहेर. भिंतीपासून वीतभर जागा सोडतो. थप्पीवर प्लास्टिक फक्त वरून, बाजूंनी मोकळे; चहूबाजूंनी गुंडाळले तर ओल आतच कोंडते. वरच्या बाजूची हवेची छोटी भोके बुजवीत नाही. पावसाच्या दिवशी दार उघडे टाकत नाही. उघडीप मिळाली तरच दुपारी तासभर. कॅल्शियम क्लोराईडच्या पिशव्याही टांगतो, परंतु त्यात जमलेले खारे पाणी वेळीच ओतून टाकावे, कापडावर सांडले तर डाग पडतात.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या छताचा. कंटेनरवर हातभर अंतर सोडून पत्र्याचा मांडव घातला. पाऊस थेट लागत नाही, दिवसा पेटी कमी तापते आणि रात्री कमी निवते. मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावर किती छपरे उडाली ते सर्वांना ठाऊक आहे. मांडवाचे खांब जमिनीत पक्के गाडावेत आणि पत्रे आकड्यांनी आवळावेत. कंटेनरच्या छताला भोके पाडून मांडव बांधू नये, नाहीतर गळती आपल्याच हाताने आणली असे होईल.

जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असल्यास किनारपट्टीचे नियम लागू होतात. तेव्हा बयाणा देण्याआधी ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत विचारणा करावी. खरेदी मात्र मे महिन्याच्या दुपारी, दारे लावून आतला अंधार पाहिल्याशिवाय करू नये.