पेवातील धान्य व पेव उघडतानाची दक्षता

ज्वारीची रास खळ्यावरून घरी आली म्हणजे वर्षाची बेगमी झाली असे नव्हे. ते धान्य पुढील सुगीपर्यंत टिकले पाहिजे. कोकणात भातासाठी कणगी, देशावरील जुन्या घरांत बळद, आणि ज्याचे धान्य अधिक त्याच्यासाठी जमिनीच्या पोटातील पेव, अशी सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. सांगलीजवळील हरिपूरची पेवे हळदीच्या साठवणीसाठी प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांपैकी पुष्कळ निकामी झाली.

पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद व पोट मोठे असते. जागा उंचवट्याची असावी. पावसाचे पाणी जेथे मुरते तेथे पेव घेणे म्हणजे धान्य हाताने कुजविणेच होय. तळाशी व कडेने कडब्याचा आणि भुसकटाचा जाड थर द्यावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावा, गार होऊ द्यावा, मगच भरावा. बियाणे मात्र पेवात कधीही ठेवू नये. त्याची उगवण कमी होते.

तोंड फरशीने व चिखलाने बंद केल्यावर आत बाहेरची हवा फारशी शिरत नाही. दाणे आणि त्यांतील किडे आतला प्राणवायू संपवितात व कर्बवायू साचतो. त्यामुळे कीड गुदमरून मरते. पेवातील धान्य टिकते ते या कारणाने.

परंतु हीच हवा माणसाचाही घात करते. पेव उघडताच उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही पडतो. उतरणारा बहुधा मजूर असतो व मालक वर उभा असतो. म्हणून दक्षतेची जबाबदारी मालकाचीच समजली पाहिजे. तोंड उघडून पेव निदान एक दिवस तसेच ठेवावे. कर्बवायू हवेहून जड असल्याने तो तळाशी बसतो, आपोआप लवकर निघत नाही. तेव्हा पंख्याने ताजी हवा तळापर्यंत सोडावी. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरू नये, हे खरेच. पण तो तेवत राहिला म्हणून धोका टळला असे मानू नये, कारण माणसाला घेरी येण्याइतका वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते. प्राणवायू मोजण्याचे उपकरण मिळाल्यास त्यावरच भिस्त ठेवावी. दाण्यांच्या फटींतही वायू अडकलेला असतो व धान्य उपसू लागताच तो मोकळा होतो, म्हणून हवा सोडणे मध्येच थांबवू नये.

उतरणाऱ्याच्या बगलेखालून दोर बांधावा आणि वर दोन धट्टेकट्टे गडी सतत त्याच्याशी बोलत राहावेत. उत्तर आले नाही की तत्काळ ओढून घ्यावे. दोराविना पडलेल्यासाठी कोणीही आत उडी घेऊ नये. आधी हवा सोडावी व मदत बोलवावी. रिकामे, पडके पेवही याला अपवाद नाही. गावात अशी पेवे कोठे आहेत याची ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पावसाळ्यापूर्वी नोंद घ्यावी व वापरात नसलेली मातीने बुजवून घ्यावीत.