शाळेची नोंद आणि मुलाचा हक्क

समजा, बेळगाव जिल्ह्यातील एक गवंडी कामानिमित्त भोपाळला गेला आणि जवाहर चौकाच्या बाजूला बिऱ्हाड करून राहिला. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तो सरकारी शाळेत जातो. हातात कन्नड लिपीतील दाखला आहे. पण शाळेत विचारणा होते ती ‘समग्र’ क्रमांकाची.

मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ अंकी व प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी समग्र क्रमांक मिळतो, आणि शाळेच्या नोंदी त्याला जोडल्या जातात. महाराष्ट्रात ‘सरल’ व कर्नाटकात ‘सॅट्स’ या अशाच व्यवस्था. केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’मध्येही २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरली जाते. हे निरर्थक आहे असे मुळीच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची कितीतरी मुले वर्गात सापडली नाहीत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अशी खोटी खाती सहज कळतात!

परंतु वही व्यवहारासाठी असते. वहीत खाते नाही म्हणून कोणी गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही. राज्यघटनेच्या कलम २१-अ मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या ‘सर्व बालकांना’ शिक्षण, असे शब्द आहेत. तेथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधार नसल्याने मुलाचा शाळाप्रवेश अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले.

हाच प्रश्न अमेरिकेत अधिक उग्र रूपात उभा राहिला. परवान्याविना आलेल्या मुलांसाठी शाळांना पैसे देणे टेक्सास राज्याने १९७५ मध्ये बंद केले. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले. १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द ठरवला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना का, हा त्या निकालाचा गाभा होता. माझ्या मते यातून आणखी एक गोष्ट निघते : शाळेतील माहिती पुढे चौकशीला जाणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी आईबाप मुलाला घरी ठेवतील. मग वही बिनचूक राहील, वर्ग रिकामा.

आपल्याकडे दिल्लीतील रोहिंग्या मुलांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. मुलांनी आधी शाळेकडे अर्ज करावा, नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात जावे, असे न्यायालयाने सांगितले. गवंड्याच्या मुलीला इतके लांब जायला नको. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावरच टाकली आहे. तिला आज वर्गात बसवावे. समग्र क्रमांक मागाहून काढता येतो.