भाकरीच्या जोडीस काय असावे ?

ज्या घरात मांसमत्स्य वर्ज्य आहे, अथवा वर्ज्य नसले तरी महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच शिजते, अशा घरातील ताटाकडे ग्रामकार्यकर्त्याने एकदा लक्षपूर्वक पाहावे. ज्वारीची अथवा बाजरीची भाकरी, पातळ आमटी, थोडी बटाट्याची किंवा वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, एवढेच बहुधा त्यात आढळते. पोट भरते, काम करण्याची शक्तीही येते. परंतु शरीराची झीज भरून काढणारी व रक्त वाढविणारी द्रव्ये यांतून पुरेशी मिळत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के व सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे आकडे ४८ व ५३.८ टक्के होते. रक्तक्षयास जंत, मलेरिया आदी अन्य कारणेही असतात. तथापि आहारातील उणीव हे त्यातील मोठे कारण होय, आणि शेतकरी कुटुंबास आपल्याच शेतात व परसात दूर करता येण्याजोगेही ते आहे.

प्रथम प्रथिनांचा विचार करू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तूर, हरभरा, मूग यांच्या डाळींत २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु केवळ आकड्यावरून निर्णय करू नये. तृणधान्यांतील प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळींत विपुल आहे. डाळींत मेथिओनिन कमी, ते तृणधान्यांत व तिळात मिळते. म्हणून भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली असता एकीचे उणे दुसरी भरून काढते. तीन वाट्या धान्यास एक वाटी कडधान्य हे प्रमाण ठेवावे. आमटीत डाळीपेक्षा पाणीच अधिक असेल तर हे प्रमाण साधत नाही, हे गृहिणीस वाटीने मोजून दाखवावे. ग्रॅमची भाषा स्वयंपाकघरात उपयोगी पडत नाही.

येथे एक खेदाची गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. पूर्वी ज्वारीच्या व बाजरीच्या पिकात तूर, मूग, मटकी, चवळी, अंबाडी यांचे पाटे हमखास असत आणि वर्षाचे कडधान्य घरच्या कणगीत येई. आज राज्यात सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर सोयाबीन उभे राहते, ते सर्वच्या सर्व बाजारात जाते, आणि तोच शेतकरी दुकानातून पावशेर डाळ विकत आणतो. नगदी पीक घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र दहा-वीस गुंठ्यांत घरापुरती तूर, मूग व मटकी अवश्य पेरावी. सोयाबीनमध्येही तुरीच्या ओळी उत्तम येतात.

खुद्द सोयाबीनही खाण्याचे धान्य आहे. त्यात प्रथिने ३५ ते ४० टक्के असतात. कच्च्या दाण्यात पचनास अडथळा करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने नाहीसे होते. यास्तव ते कच्चे दळून कधीही वापरू नये. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून वीस ते पंचवीस मिनिटे उकळावेत, पाणी निथळून कडक वाळवावेत व नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावेत. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. प्रमाण याहून वाढविल्यास मात्र वास येतो, आणि घरची मंडळी एकदा नाराज झाली की प्रयोग तेथेच संपतो.

यानंतर चुना, म्हणजे कॅल्शियम. प्रौढ माणसास दिवसास एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम असावे, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. शंभर ग्रॅम ज्वारीतून तीसही मिलिग्रॅम मिळत नाही. तितक्याच नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळते. कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिम भागात, नाशिकच्या सुरगाणा-पेठ भागात नाचणी किंवा नागली हे घरचे अन्न आहे. देशावर तिला गरिबाचे धान्य समजून दूर ठेवण्यात आले, हे दुर्दैव होय. दिवसाच्या तीन भाकऱ्यांपैकी एक नाचणीची केली तरी मोठा लाभ होतो. लहान मुलास सहा महिन्यांनंतर स्तनपानाच्या जोडीने मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज द्यावी. मोडामुळे पेज पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ घालता येते. नाचणीतील पुष्कळसे कॅल्शियम तिच्या कवचात असते, सबब पीठ तलम कापडातून गाळून कोंडा टाकून देण्याची रीत लाभाची नाही.

तिळाचीही तीच गोष्ट. न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळात एक हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, शेंगदाणे यांची मिसळलेली भाजी आपण करतो. आहारशास्त्राच्या दृष्टीने याहून उत्तम ताट सुचविणे कठीण आहे. केवळ ते वर्षातून एकदाच वाढले जाते. तीळ, विदर्भातील जवस आणि नाशिक-नगरकडील कारळे यांची कोरडी चटणी घरात नित्य असावी. जवसाच्या तेलात ओमेगा-३ वर्गातील मेदाम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते, आणि ज्या घरी मासे येत नाहीत तेथे त्याचे विशेष मोल आहे.

परसात एकच झाड लावण्यास जागा असेल तर ते शेवग्याचे लावावे. शेंगा सर्वांस आवडतात. परंतु खरी संपत्ती पाल्यात आहे. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने, तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आणि विपुल कॅरोटीन असते. तितक्याच गाईच्या दुधात कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पालक व माठ यांतही कॅल्शियम दिसते खरे, परंतु त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल ते बांधून ठेवते. शेवग्याच्या पाल्यात हा दोष पुष्कळ कमी आहे.

दारात शेवगा लावल्यास घरात भांडणे होतात, असा समज काही गावांत आहे. त्याची थट्टा करू नये. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने फांदी वाऱ्याने मोडून छपरावर पडते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके जमतात, अंगास लागल्यास खाज सुटते. तेव्हा झाड घरापासून दहा-बारा पावले दूर, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, पण पाणी साचणार नाही अशा जागी लावावे. मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फूट लांबीची फांदी जूनमध्ये लावल्यास सहज जगते. बियांपासून करावयाचे असल्यास तमिळनाडूतील पेरियाकुलम येथील ‘पीकेएम-१’ अथवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ ही वाणे घ्यावीत. रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा; फांद्या फुटतात आणि पाला हाताशी राहतो. पाला सावलीत वाळवून भुकटी केल्यास वर्षभर भाकरीच्या पिठात घालता येते. उन्हात वाळविलेल्या पाल्यातील कॅरोटीन बरेचसे नष्ट होते.

पालेभाजी दररोज माणशी शंभर ग्रॅम असावी. पाच माणसांच्या कुटुंबास आठवड्याला साडेतीन किलो लागेल. दोन मीटर लांब व तितकाच रुंद वाफा एवढे उत्पन्न साधारणतः देतो. मेथी व माठ महिनाभरात काढणीस येतात. म्हणून असे चार-पाच वाफे करून दर आठवड्यास एकेकात बी टाकावे. सर्व वाफे एकाच दिवशी पेरणे ही नेहमीची चूक आहे. मग एक आठवडा भाजी वाया जाते आणि तीन आठवडे वाफे रिकामे. उन्हाळ्यात मेथी साधली नाही तर मायाळूचा वेल व शेवगा उपयोगी पडतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या बांधावर आपोआप येतात. त्यांची ओळख गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडूनच करून घ्यावी आणि तणनाशक फवारलेल्या बांधावरील भाजी खुडू नये.

आता लोह. स्त्रीस दिवसास २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून खाण्याच्या पद्धतीस येथे महत्त्व येते. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर लोहाचे शोषण वाढते. चहातील टॅनिनामुळे ते घटते. उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर निदान तासभर चहा घेऊ नये. कडधान्यास मोड आणल्याने लोह अडवून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात एक दिवस बांधली की पुरे. पालेभाजी धुऊन मगच चिरावी, उकळलेले पाणी फेकू नये, आणि फोडणीस थोडे तरी तेल असावे; तेलावाचून कॅरोटीन अंगी लागत नाही. बियाणे घेताना राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने इक्रिसॅट संस्थेने तयार केलेल्या ‘धनशक्ती’ बाजरीची चौकशी करावी. साध्या बाजरीपेक्षा तिच्यात लोह बरेच अधिक आहे. गरोदर स्त्रीस दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र यामुळे बंद करू नयेत.

एक उणीव वनस्पतींनी भरून निघत नाही, ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते शाकाहारी माणसास दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचे. डेअरीवर दूध घालताना घरासाठी प्रथम मोजून ठेवावे आणि मगच कॅन भरावा. जे दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरात उसळ, भाजी, दही हे सर्व झाले तरी ते कोणाच्या ताटात पडते, हा प्रश्न उरतोच. पुरुष व मुले जेवल्यावर मागे राहिलेल्या भाकरी-चटणीवर गृहिणी आपले जेवण आटोपते, आणि घरात सर्वांत अधिक लोह तिलाच लागते. परसबागेच्या प्रात्यक्षिकास केवळ स्त्रियांस बोलावू नये, घरच्या पुरुषांसही बोलवावे, आणि उसळीच्या पातेल्यातून सुनेची वाटी आधी काढून ठेवण्याविषयी सासूबाईंशी बोलावे. त्यांनी मनावर घेतल्यास ते त्याच दिवशी होते.