विद्यापीठातील कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम : जे येत नाहीत त्यांचाही विचार



२१ जून जवळ आला की देशभरातील सेवा केंद्रांना विद्यापीठे आणि महाविद्यालयांकडून बोलावणी येऊ लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो सर्वत्र साजरा होतो. कुलसचिव कार्यालयातून पत्र येते, "आमच्या कर्मचाऱ्यांसाठी एखादा कार्यक्रम घ्यावा." आपण आनंदाने होकार देतो. सभागृह मिळते, सतरंज्या अंथरल्या जातात, तासभर आसने आणि प्राणायाम होतात, शेवटी आभार आणि चहा होतो.

कार्यक्रम चांगलाच होतो. पण तो संपल्यावर एक प्रश्न विचारायचा राहून जातो. सभागृहात कोण आले होते आणि कोण आले नव्हते? या पाठात आपण त्या प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. एक दिवसाच्या कार्यक्रमाऐवजी वर्षभर टिकणारा उपक्रम उभा करायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

१. विद्यापीठात काम कोण करते?

विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर प्राध्यापक आणि विद्यार्थी येतात. पण सकाळी फाटक उघडणारा सुरक्षा रक्षक, आवक-जावक सांभाळणारा लिपिक, परीक्षा विभागात गुणपत्रिका तपासणाऱ्या ताई, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयात दिवसभर पुस्तके उचलून ठेवणारे मामा, वसतिगृहातील स्वयंपाकी, माळी आणि कंत्राटी सफाई कामगार हे सर्वजण विद्यापीठाचेच कर्मचारी आहेत.

प्रत्येकाच्या शरीरावर पडणारा ताण वेगळा असतो. लिपिकाची मान आणि डोळे थकतात. रक्षकाचे पाय आणि पोटऱ्या भरून येतात. सफाई कामगारांना सतत वाकावे लागते आणि कोरडी झाडलोट करताना धूळ नाकातोंडात जाते. स्वयंपाकी भट्टीच्या उष्णतेत उभे असतात. माळ्याला उन्हात पाण्याची आणि सावलीची गरज असते. सर्वांना एकाच सभागृहात बसवून एकच तासाचा कार्यक्रम दिला, तर तो यांपैकी फार थोड्यांच्या गरजेशी जुळतो. शिवाय सकाळी अकरा वाजता खिडकी बंद करून किंवा फाटक सोडून येणे ज्याला शक्य नाही, तो येणारच नाही.

२. एका विद्यापीठाने केलेला प्रयोग

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी 'आयथ्राइव्ह' नावाचा आरोग्य उपक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य तपासणी होती, सवयींविषयीची प्रश्नावली होती आणि नंतर निरनिराळे आरोग्यवर्ग होते. उपक्रमाबरोबरच त्याचा खरा परिणाम मोजण्याचीही व्यवस्था संशोधकांनी केली. अभ्यासात सामील व्हायला सुमारे ५,००० कर्मचारी तयार झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग करण्यात आले. सुमारे ३,३०० जणांना उपक्रम खुला झाला, उरलेल्यांना झाला नाही. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली.

या अभ्यासातून तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की उपक्रमात उत्साहाने भाग घेणारे लोक आधीपासूनच अधिक निरोगी होते. उपक्रम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीही त्यांचा औषधोपचाराचा खर्च न येणाऱ्यांपेक्षा कमी होता आणि सवयी चांगल्या होत्या. म्हणजे केवळ 'आलेले' आणि 'न आलेले' यांची तुलना केली असती, तर उपक्रमाने मोठा चमत्कार केला असे वाटले असते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर समजले. आरंभीची शिल्लक जर या वर्षीचा नफा म्हणून दाखवली, तर हिशेब आकर्षक दिसतो, पण तो खरा नसतो.

दुसरी गोष्ट. चिठ्ठीने ठरलेल्या दोन गटांची तुलना केल्यावर आरोग्य तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. मात्र दोन वर्षांहून अधिक काळानंतरही वैद्यकीय खर्च, कामाची उत्पादकता किंवा लोकांनी स्वतः सांगितलेली प्रकृती यांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही.

तिसरी गोष्ट. तपासणीला येणाऱ्यांना बक्षिसाची रक्कम ठेवल्यावर उपस्थिती वाढली, पण ती रक्कम दुप्पट केल्यावर त्या मानाने फारच थोडे अधिक लोक आले. बक्षिसाने सर्वांना ओढून आणता येत नाही.

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. एका विद्यापीठातील एका उपक्रमाचा हा निष्कर्ष आहे. त्यातून घ्यायचा धडा असा, की गर्दी हा परिणामाचा पुरावा नव्हे. ज्याला गरज कमी तो आधी येतो. ज्याला गरज अधिक, त्याच्यापर्यंत आपल्याला चालत जावे लागते.

३. पद आणि प्रकृती

न येणाऱ्याला आपण पटकन 'आळशी' किंवा 'आवड नसलेला' म्हणून मोकळे होतो. इथे दुसऱ्या एका अभ्यासाची आठवण ठेवावी. लंडनमधील व्हाइटहॉल भागात ब्रिटिश सरकारची कार्यालये आहेत. तिथल्या सुमारे १८,००० पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जे निष्कर्ष मांडले, त्यांनी अनेकांना विचार करायला लावले. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तुलनेत सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब अशा कारणांनी या फरकाचा केवळ काही भाग समजत होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांचाही समावेश झाला. आपले काम कसे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याची मोकळीक ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले.

हे आपल्या विद्यापीठांच्या कार्यालयात आणून पाहा. विभागप्रमुखांना पाठ दुखली तर ते उठून दोन फेऱ्या मारू शकतात. परीक्षा विभागाच्या खिडकीवर बसलेल्या ताईंना पुनर्मूल्यांकनाच्या दिवसांत समोरची रांग सोडून उठता येत नाही. त्यांना प्राणायामाचे महत्त्व ठाऊक नाही असे नाही. त्यांच्याकडे स्वतःची म्हणता येतील अशी पाच मिनिटे नाहीत. म्हणून त्यांना श्वास शिकवण्याआधी ती पाच मिनिटे मिळवून देणे ही पहिली सेवा आहे.

४. उपक्रम कसा उभा करावा?

*आधी ऐकावे.* कार्यक्रमपत्रिका तयार करण्यापूर्वी दोन सेवेकऱ्यांनी आठवडाभर परिसरात फिरावे. किमान पाच वेगवेगळ्या कामांतील लोकांशी बोलावे. "तुमच्यासाठी योगवर्ग घेऊ का?" असे विचारले तर सौजन्याने 'हो' येते. "दिवसात सर्वांत जास्त थकवा केव्हा येतो? जेवायला किती वेळ मिळतो? बसायला जागा आहे का?" असे विचारले तर खरे उत्तर येते.

*अधिकाऱ्यांकडे वेळ मागावा.* आपण बहुधा सभागृह आणि ध्वनिक्षेपक मागतो. त्याऐवजी कुलसचिवांना विनंती करावी, की कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतच दहा मिनिटे मिळावीत, खिडकीवर आळीपाळीने बदली माणूस असावा, आणि कंत्राटी कामगारांचा सहभाग धरताना त्यांची मजुरी कापली जाणार नाही याबद्दल कंत्राटदाराला लेखी कळवावे. कार्यालय सुटल्यानंतरचा वर्ग स्त्री कर्मचाऱ्यांना सहसा जमत नाही, कारण बस गाठायची असते आणि घरी स्वयंपाक वाट पाहत असतो.

*जागेवर जावे.* आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणासाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' हा योगक्रम सादर केला. ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी आणि थोडे ध्यान असे त्याचे स्वरूप आहे. त्याला सतरंजी लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत. विभागातल्या टेबलांमधल्या जागेतही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आणि थोडा थोडा वेळ केलेली हालचालही मोजावी असे सांगितले. त्यामुळे पाच मिनिटांना कमी लेखू नये. ज्यांना गुडघेदुखी, चक्कर, गर्भावस्था किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आसने करावीत, हे दर वेळी सांगावे.

*रक्तदाब तपासणी नीट करावी.* तपासणी प्रशिक्षित व्यक्तीनेच करावी. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या उंचीवर असावा. मोजताना बोलू नये. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर घाबरवू नये. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. निदान करणे आणि औषध सुचवणे हे आपले काम नव्हे, आणि चालू असलेले औषध बंद करण्यास तर कधीही सांगू नये.

*मनाची काळजी.* ज्याला झोप लागत नाही, ज्याचे कशातच मन रमत नाही, त्याला केवळ "ध्यान करा" एवढेच सांगणे पुरेसे नाही. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर, पाण्याच्या कूलरजवळ आणि रक्षकांच्या चौकीत लावावा.

५. तीन मर्यादा

सेवेचा उत्साह कितीही असला तरी तीन गोष्टी पाळाव्यात.

एक, सक्ती नको. "साहेबांनी सगळ्यांना बोलावले आहे" अशा निरोपाने भरलेले सभागृह हे मनाने रिकामेच असते. हजेरीचा संबंध मस्टरशी किंवा गोपनीय अहवालाशी जोडू देऊ नये.

दोन, माहितीची गुप्तता. कोणाचा रक्तदाब किती, साखर किती हे त्या व्यक्तीलाच सांगावे. यादी अधीक्षकांच्या टेबलावर जाता कामा नये. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत अशी माहिती बाहेर गेली, तर त्याचे कामही जाऊ शकते.

तीन, सर्वांसाठी मोकळी जागा. विद्यापीठात सर्व धर्मांचे आणि धर्म न मानणारेही लोक काम करतात. तिथे आपण आरोग्यासाठी गेलेलो असतो. मंत्र, प्रतिमा, संस्थेची पत्रके यांचा आग्रह धरू नये. ज्याला अधिक जाणून घ्यायचे असेल तो स्वतःहून विचारील.

६. परीक्षेचे आणि निकालाचे दिवस

विद्यापीठाच्या कामाला स्वतःचे ऋतू असतात. प्रवेशाचे दिवस, परीक्षा, निकाल आणि पुनर्मूल्यांकन या काळात कार्यालयातील माणसे सर्वाधिक थकतात, आणि नेमका त्याच काळात उपक्रम "सध्या गडबड आहे" म्हणून बंद पडतो. वर्षाचे नियोजन करताना उलट पद्धत ठेवावी. या दिवसांत नवे काही शिकवू नये, पण पाच मिनिटांचा क्रम चुकवू नये. पिण्याचे पाणी जवळ आहे का, जेवणाची सुट्टी पाळली जाते का, रात्री उशिरा थांबणाऱ्या स्त्रियांच्या परतीची सोय आहे का, हे पाहावे. त्या दिवसांत हाच आरोग्य उपक्रम असतो.

२०१५ मध्ये कॅनडात आरोग्यसंवर्धक विद्यापीठांविषयी ओकानागन सनद तयार झाली. आरोग्याचा विचार विद्यापीठाच्या रोजच्या कारभारात, धोरणात आणि वातावरणात मुरला पाहिजे, असे ती सांगते. वेगळा कार्यक्रम भरवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण टिकणारे आहे.

७. वहीत काय लिहावे?

केंद्राच्या वहीत आपण उपस्थितांची संख्या लिहितो. त्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत. कोणत्या विभागातून कोणीच आले नाही? त्याचे कारण त्यांच्याच शब्दांत काय आहे? पुढच्या महिन्यात त्यासाठी आपण काय बदलणार? सहा महिन्यांनी पहिल्या रकान्यातील नावे कमी झाली असतील, तर उपक्रम पुढे सरकला असे समजावे, मग सभागृहातील आकडा तेवढाच असला तरी चालेल.

सर्वांमध्ये एकच चैतन्य पाहावे असे आपण नेहमी म्हणतो. फाटकावर उभ्या असलेल्या काकांसाठी जेव्हा आपण एक खुर्ची आणि दहा मिनिटांची सुट्टी मिळवून देतो, तेव्हा ते म्हणणे आचरणात येते.

या आठवड्याचा स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखाद्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात काम करणाऱ्या एका शिक्षकेतर कर्मचाऱ्याशी पंधरा मिनिटे बोला. सल्ला देऊ नका, फक्त ऐका.

२. आपल्या केंद्राच्या मागील तीन कार्यक्रमांना कोण येऊ शकले नाही याची यादी करा. प्रत्येकापुढे कारण लिहा. 'आवड नाही' हे कारण लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारा.

३. सत्संगात चर्चा करा : माझी सेवा ज्यांना सोयीची आहे त्यांच्यापर्यंतच पोहोचते का? ती आणखी एका माणसापर्यंत नेण्यासाठी माझी कोणती सोय मी सोडू शकतो?