लाईट गेली तरी लक्षात ठेवणारे पदार्थ

निकालपत्रक टाईप करताना लाईट गेली आणि सेव्ह न केलेलं सगळं काम गेलं, असं तुमचंही झालं असेल. संगणकाची रॅम वीज असेपर्यंतच माहिती धरून ठेवते.

फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचं तसं नाही. त्यांच्या स्फटिकात धनप्रभार व ऋणप्रभार एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात. बाहेरून विद्युत क्षेत्र लावलं की सरकण्याची दिशा उलटते आणि क्षेत्र काढल्यावरही तशीच राहते. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. झाली मेमरी तयार!

चिप लहान करायची तर थर पातळ हवा. पण बेरियम टायटनेटसारख्या पदार्थाचा थर काही नॅनोमीटरवर आला, की पृष्ठभागावरच्या प्रभारांमुळे आतच उलटं क्षेत्र तयार होतं आणि गुणधर्म दुबळा पडतो. (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.)

२०११ मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या हाफ्नियम ऑक्साईडच्या सुमारे १० नॅनोमीटर थरात हा गुणधर्म आढळल्याचं प्रसिद्ध झालं. हाफ्नियम ऑक्साईड चिप बनवताना आधीपासूनच वापरत होते, म्हणून या शोधाचं महत्त्व मोठं.

आता सांगा बरं, अशी मेमरी असती तर आपलं निकालपत्रक वाचलं असतं का?